हिरवी चिमूट : उजनीचं पाणी हिरवं, मग?

शेंगदाण्याच्या लाडवात स्पिरुलिना या शेवाळाची पूड कधी मिसळायची, ते आज सांगायचं कबूल केलं होतं. लाडू थांबतील. इंदापूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय, ते काही बाजूला ठेववेना. ते लिहितात, ‘उन्हाळ्यात उजनी धरणाचा फुगवटा हिरवागार होतो. ती साय गाळून वाळवली तर अंगणवाडीला फुकटात पूड मिळेल. भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तेच खाऊन गुलाबी होतात ना?’

आधी रोहितांचं. भिगवणला येतो तो मुख्यतः मोठा रोहित. वाकडी चोच पाण्यात उलटी धरून तो किडे, अळ्या, कोळंबीच्या जातीचे बारीक जीव गाळून खातो. या जिवांच्या पोटात गेलेल्या शेवाळातली रंगद्रव्यं त्याच्या पिसांत उतरतात. स्पिरुलिनावर पोट भरतो तो छोटा रोहित, पूर्व आफ्रिकेतल्या सोड्याच्या तळ्यांवर.

सोड्याच्या! उत्तर या शब्दातच आहे. नीरा कालव्याकाठच्या शेतकऱ्याला चोपण जमीन सांगायला नको. सोडियम साचतो, सामू साडेआठच्या वर जातो, ऊस माना टाकतो. स्पिरुलिनाला मात्र याहून कडक पाणी मानवतं, सामू साडेनऊ ते साडेदहा. १९६६ साली संशोधक झारूक यांनी तिच्या वाढीसाठी दिलेल्या कृतीत लिटरभर पाण्याला १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा पडतो. सोडा तिचं खाद्य आहे आणि कुंपणही, कारण त्या पाण्यात बाकीची बहुतेक शेवाळं तग धरत नाहीत. पहिल्या वर्षी मी गच्चीवरच्या टबात सोड्याला हात आखडता घेतला. आठवड्याभरात गर्द हिरव्याचं पोपटी झालं. कुंपण मोडलं होतं, भलतंच पीक शिरलं होतं. सगळा टब ओतून दिला.

आपल्याकडे ती आपसूक वाढते ती लोणारच्या खाऱ्या तळ्यात. पण ते अभयारण्य आहे, तिथे गाळणं घेऊन जायचं नाही. चाड सरोवराजवळच्या कानेम्बू बायका वाळूच्या टेकड्यांमधल्या सोडातळ्यांतून ती गोळा करतात, वाळूच्या खळग्यात ओतून सुकवतात आणि तिचं कालवण बाजरीच्या घट्ट पिठल्याशी खातात. तिथेही राखण करतं ते सोड्याचं पाणीच.

उजनीचं पाणी गोडं, आणि त्यात वरून येणारं सांडपाणी. असल्या साचलेल्या पाण्यावर उन्हाळ्यात हिरवा तवंग धरणाऱ्यांत मायक्रोसिस्टिस असू शकते. तीही स्पिरुलिनासारखीच नीलहरित, म्हणजे दोघी एकाच भावकीतल्या. पण तिचे काही वाण मायक्रोसिस्टिन नावाचं विष करतात. ते यकृत धरतं आणि उकळूनही जात नाही. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू गावी डायलिसिसच्या पाण्यातून ते रुग्णांच्या रक्तात गेलं आणि पन्नासाहून अधिक माणसं दगावली. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली मर्यादा आहे लिटरला १ मायक्रोग्रॅम.

आपण बोलतोय ते अंगणवाडीतल्या अशक्त पोराच्या रोजच्या घासाबद्दल. त्याचं वजन कमी, म्हणून तेवढंच विष त्याला मोठ्या माणसापेक्षा जास्त बाधतं. म्हणून विकतची पूड घेतानाही मायक्रोसिस्टिन आणि जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

लाडू पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर बारामतीच्या बाजारातून गूळ आणून ठेवा. पाक मात्र करू नका. का, तेच सांगायचंय.