पेटीचा दम

पेटीचा सूर हळू धरला कीं मरतो आणि जोरानें काढला कीं किंचाळतो, ही तक्रार माझ्या कानीं वारंवार येते. बहुतेक जण दोष सुरांचा मानून कानस उचलतात. पण सुराच्या पितळी जिभेवरून एकदां घासून गेलेला धातु परत चढवितां येत नाहीं. शाळेच्या प्रार्थनेची पेटी मींच अशी बिघडविली होती.

आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीस मज्जाव केला होता. तेव्हांचा एक मोठा आक्षेप, तिच्यांतून मींड निघत नाहीं, हा होता. त्यास इलाज नाहीं. दमाचा दोष मात्र घरींच शोधतां येतो.

सर्व स्टॉप बंद करून आंतला भाता भरावा. तो लवकर ओसरला, तर बहुधा भात्याचें चामडें किंवा सांधा फुटला आहे. तो टिकला, पण स्टॉप उघडतांच एकही पट्टी न दाबतां खालीं बसूं लागला, तर पट्ट्यांखालच्या गाद्या आणि सुरांच्या फळीचा सांधा पाहावा. मुळांत तो भरतच नसेल, तर झडपांचीं चामडीं वाकलीं असावींत.

संशयित जागेजवळ उदबत्ती धरावी. धूर बाहेर उडतो. अमेरिकन धर्तीच्या पायऑर्गनमध्यें उलट प्रकार, तेथें धूर आंत ओढला जातो, कारण तें वाद्य हवा शोषून वाजतें. १९०४ सालीं जर्मनींत निघालेला वेल्टे-मिन्यों हा स्वयंवादक पियानोही शोषणाचा जोर कमीअधिक करूनच वादकाचा हळुवारपणा किंवा आवेश उमटवी. त्यांतील एखादी रबरी नळी चिरली कीं तीच रड!

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या कडक उन्हाळ्यांत लाकूड सुकून सांधे उघडतात, पावसाळ्यांत पट्ट्या फुगून अडतात. एकाच ऋतूंत परीक्षा पुरत नाहीं.

शाळेच्या पेटीच्या भात्यास पुढें नवें चामडें सरसानें चिकटविलें. दम परत आला. मधला गंधार मात्र चढाच राहिला.