विश्लेषण : बाजारातून गाय घरी न्यायची, तर कोणते कागद हवेत?

रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो, पैसे मोजले जातात, गाय पिकअपमध्ये चढते आणि गाडी निघते. लोणी, घोडेगाव, सांगोला, चाकण, बाजार कोणताही असो, व्यवहार बहुधा असाच उरकतो. अडचण येते ती रस्त्यात गाडी थांबवली गेल्यावर. हातात खरेदीची पावती असते, पण आरोग्य दाखला नसतो. कधी दाखला असतो, पण त्यावरचा क्रमांक गायीच्या कानातल्या बिल्ल्याशी जुळत नाही. मग घेतलेली गाय गोशाळेत आणि भाड्याची गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात, अशी वेळ येऊ शकते.

कानात बिल्ला नसेल तर?

राज्यात १ जून २०२४ पासून कानातल्या बिल्ल्याशिवाय, म्हणजे इअर टॅगशिवाय, जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो. ‘भारत पशुधन’ प्रणालीत त्या क्रमांकावर मालकाचे नाव, लसीकरण आणि उपचारांची नोंद असते. त्यामुळे पैसे देण्याआधी क्रमांक स्वतः वाचावा, पावतीवर तोच लिहून घ्यावा आणि प्रणालीत मालकाचे नाव बदलून घ्यावे. जुन्या मालकाच्याच नावावर राहिलेली गाय पुढे आपली आहे हे पटवताना नाकी नऊ येतात.

दाखला कोण देतो?

केंद्राच्या १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार गाय, बैल, म्हैस गाडीत चढवण्यापूर्वी पशुवैद्यकाने तपासून ती प्रवासाला योग्य असल्याचा दाखला देणे बंधनकारक आहे. दाखला नसेल तर वाहतूकदाराने जनावर गाडीत घेऊच नये, असे नियम सांगतो. संसर्गजन्य रोग नाही ना, हेही याच तपासणीत पाहिले जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळे राज्यभरातले गुरांचे बाजार आणि वाहतूक थांबवावी लागली होती. लसीकरणाच्या नोंदीबद्दल तपासणीत विचारणा होते ती म्हणूनच.

दुभत्या गायींच्या बाजारात एक अट हमखास मोडली जाते. व्यायल्यापासून ७२ तासांच्या आत गाय हलवता येत नाही. वाटेत विण्याची शक्यता असलेली गाभण गायही नेता येत नाही. प्रत्यक्षात ताज्या व्यालेल्या गायीलाच भाव चांगला मिळतो आणि घेणारा त्याच दिवशी ती नेण्याची घाई करतो. सौदा करून गाय तीन दिवस विकणाऱ्याच्याच दावणीला ठेवणे केव्हाही बरे.

याशिवाय, सर्व कायदे पाळले असून जनावर बेकायदा कारणासाठी नेले जात नाही, असा अधिकृत व्यक्तीचा वेगळा दाखला घेण्याची तरतूद २००१ पासून आहे. शेतकऱ्यांना ती बहुधा माहीतच नसते.

पिकअपमध्ये किती गायी?

मोटार वाहन नियमांतील १२५-ई हा नियम १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यानुसार गाडीत कायमस्वरूपी कप्पे हवेत आणि प्रत्येक गायी-म्हशीला किमान दोन चौरस मीटर जागा हवी. आठ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद असलेल्या पिकअपमध्ये साधारण चार चौरस मीटर जागा मिळते. म्हणजे दोन गायी, तिसरी नाही. मोठा ट्रक असला तरी सहापेक्षा जास्त गुरे नेता येत नाहीत. गाडीत घसरू नये असा तळ, चारा, पाणी, प्रथमोपचाराचे साहित्य आणि सोबत एक माणूस लागतो. अशा गाडीला आरटीओचा विशेष परवानाही लागतो. बाजाराबाहेर उभ्या असलेल्या किती पिकअपकडे तो असतो, हे भाडे ठरवण्याआधीच विचारून घ्यावे.

दंड ५० रुपये, मग भीती कशाची?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही १० ते ५० रुपये आहे. खरा फटका जप्तीचा बसतो. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार खटला चालू असताना जनावरे गोशाळा किंवा पांजरपोळात ठेवता येतात. त्यांच्या चाऱ्याचा, उपचारांचा आणि तिथवर नेण्याचा खर्च मालक आणि वाहतूकदार या दोघांवरही पडतो, तर गाडी त्या खर्चाची हमी म्हणून अडकवून ठेवली जाते. दोषी ठरल्यास जनावरावरचा हक्कही जातो. दुभती गाय अशी काही महिने अडकली, तर दुधाचे एक वेत हातचे गेलेच.

बैल नेताना वेगळे काय?

मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. कत्तलीसाठी त्यांची वाहतूक हाही गुन्हा आहे. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावे, ही त्या कायद्यातली तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्दबातल ठरवली. तरीही रस्त्यावर पहिला प्रश्न ‘बैल कशासाठी नेताय?’ हाच असतो. बाजार समितीची पावती आणि सातबाऱ्याचा उतारा सोबत असला की उत्तर सोपे जाते.

गाडी कोण तपासू शकते?

क्रूरतेच्या कायद्याखाली शिपायाच्या वरच्या दर्जाचे पोलीस किंवा सरकारने अधिकार दिलेली व्यक्ती जनावर ताब्यात घेऊ शकते. राज्याच्या गोवंश कायद्याखाली गाडी थांबवून झडती घ्यायची तर अधिकारी किमान उपनिरीक्षक किंवा सरकारने नेमलेला असावा लागतो. वाहनाचे परवाने पाहण्याचा अधिकार आरटीओला आहे. अन्य कोणी गाडी अडवली तर ओळखपत्र मागावे, मूळ कागद हातात देऊ नयेत आणि ११२ वर फोन करून पोलिसांना बोलवावे. कागदांचे फोटो निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये काढून घरच्यांनाही पाठवून ठेवावेत.