चाकण : खोळंब्याचें गांव

पुण्याहून नाशिकच्या सडकेनें निघालेला प्रवासी भोसरी आणि मोशी हीं गांवें मागें टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडतो, आणि थोड्याच वेळांत चाकणच्या तळेगांव चौकांत येऊन थांबतो. थांबतो असें म्हणण्याचें कारण, त्या चौकांत मालमोटारींची व इतर वाहनांची इतकी दाटी झालेली असते कीं, थांबण्यावांचून त्याला गत्यंतरच नसतें. सक्तीच्या या मुक्कामांत तो घड्याळाकडे पाहतो, मनांतल्या मनांत चौकाच्या नांवानें बोटें मोडतो आणि वाट मोकळी होतांच पुढें निघून जातो. तेथून थोड्याच अंतरावर एका किल्ल्याचे भग्न बुरूज आहेत, आणि साडेतीनशें वर्षांपूर्वीं दिल्लीच्या बादशहाची प्रचंड फौजहि याच गांवीं पावसाळाभर खोळंबून राहिली होती, हें त्याच्या ध्यानींमनींहि नसतें. श्रोतेहो, आजच्या भाषणांत त्या खोळंब्याची आणि त्या गांवाची हकीकत मला सांगावयाची आहे.

चाकण हें पुणें जिल्ह्याच्या खेड तालुक्यांतील गांव. पुण्याच्या उत्तरेस सुमारें ३० किलोमीटरांवर. तालुक्याचें मुख्य ठिकाण जें खेड, त्याला हुतात्मा शिवराम हरि राजगुरु यांच्या स्मरणार्थ राजगुरुनगर हें नांव मिळालेलें आहे. दक्षिणेस इंद्रायणी व उत्तरेस भामा आणि भीमा, अशा नद्यांच्या मधल्या सपाट भूमीवर चाकण वसलें आहे. या मुलखाचा नकाशा पुढें घेऊन बसलें असतां दोन रेघा सहज नजरेंत भरतात. एक दक्षिणोत्तर : पुण्याहून चाकण, खेड, मंचर, नारायणगांव अशी जुन्नर व नाशिककडे जाणारी. दुसरी पूर्वपश्चिम : अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथून शिक्रापूर, चाकण, तळेगांव असें करीत बोरघाटाकडे व तेथून कोंकणांत उतरणारी. या दोन रेघा जेथें एकमेकींस छेदतात, तेथें चाकण आहे. शिवाय दक्षिणेकडील मुलखांत डोंगरांच्या ज्या आडव्या रांगा फौजेची वाट अडवितात, तसा अडथळा या पूर्वेकडील वाटेवर नाहीं. नगरहून निघालेला दाणागोटा मोठा घाट न चढतां चाकणपर्यंत पोंचतो. चाकणच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या एका गोष्टींत आहे.

गांवांत चक्रेश्वराचें पुरातन देवस्थान आहे. दशरथ राजाच्या रथाचें चाक या ठिकाणीं अडलें, म्हणून हें चाकण, अशी लोककथा सांगतात. भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ति मान्य करोत वा न करोत. पण चाक अडण्याची कथा या गांवाला शोभून दिसते खरी.

पंधराव्या शतकाच्या मध्यास बहामनी सुलतानाचा सरदार मलिक-उत्-तुज्जार यानें कोंकणपट्टी जिंकण्याच्या इराद्यानें चाकणास आपला तळ दिला. कोंकणांत उतरल्यावर विशाळगडाजवळच्या रानांत त्याच्या फौजेची धूळधाण उडाली. जे जीव वांचवून चाकणच्या कोटांत परत आले, त्यांची दरबारांतील विरोधी पक्षानें दग्यानें कत्तल करविली. पुढें बहामनी राज्य मोडकळीस आलें, तेव्हां मलिक अहमद यानें चाकण हस्तगत केलें व १४९० सालीं निजामशाहीची स्थापना केली. त्याच निजामशाहीच्या उतरत्या काळांत पुणें व सुपें परगण्यांबरोबर शिवनेरी व चाकण हे किल्ले भोसले घराण्याकडे आले. १६४७ च्या सुमारास, शिवाजीमहाराजांनीं जहागिरीचा कारभार आपल्या हातीं घेतला त्या वेळीं, चाकणचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा हा होता. महाराजांनीं त्याला त्याच जागीं कायम केलें. पुढें या निवडीचें चीज झालें.

१६६० च्या मे महिन्यांत औरंगजेबाचा मामा शायिस्तेखान पुण्यांत येऊन उतरला. महाराज त्या वेळीं दूर पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यांत अडकले होते. तोंडावर पावसाळा होता. पुण्यास रसद पोंचविणें अवघड. चाकण हातीं आलें तर नगरकडून धान्य व दारूगोळा विनासायास येत राहील, असा खानाचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता. तारीख २१ जून रोजीं तो चाकणपुढें दाखल झाला.

किल्ला म्हणाल तर भुईकोट. चौकोनी तट, कोपऱ्यांना बुरूज, भोंवतीं खोल खंदक, आंत शिरावयास एकच वाट व तिच्यावर एकामागून एक दरवाजे. किल्ल्याचें नांव संग्रामदुर्ग. राजगडाला किंवा तोरण्याला जसे कडे आहेत तसें येथें कांहींच नाहीं. शत्रूला धापा टाकीत चढावें लागत नाहीं. आंतील शिबंदी अवघी तीन-साडेतीनशें माणसांची, आणि बाहेर हजारोंची फौज. महाराजांकडून कुमक येण्याची आशा नाहीं. अशा स्थितींत फिरंगोजीनें दरवाजे लावून घेतले.

मग पाऊस सुरू झाला. मोर्च्यांत चिखल माजला. तटावरून होणारा मारा चालूच होता. दिवसांमागून दिवस गेले. तोफांनीं काम भागेना, तेव्हां मोंगलांनीं जमिनीखालून भुयार खणीत ईशान्येच्या बुरुजाचा तळ गांठला आणि त्यांत दारू ठासली. १४ ऑगस्ट रोजीं दुपारीं तिला बत्ती दिली. बुरूज त्यावरील माणसांसकट आकाशांत उडाला. धूर विरतांच खानाची माणसें खिंडारांत घुसलीं, तों समोर मातीचा उंच बांध! फिरंगोजीनें आंतल्या बाजूस दुसरी फळी अगोदरच उभी करून ठेविली होती. त्या बांधाआडून गोळ्या, बाण आणि दगड यांचा असा वर्षाव झाला कीं, रात्र पडेपर्यंत मोंगलांना पुढें सरकतां आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं, १५ ऑगस्टला, त्यांनीं किल्ला घेतला. उरलेल्या लोकांनीं बालेकिल्ल्याचा आश्रय केला, आणि अखेर रजपूत सरदार भावसिंह हाडा यांच्या मध्यस्थीनें ते बाहेर आले. वेढा ५६ दिवस चालला होता. मोंगलांचीं २६८ माणसें पडलीं व ६०० जखमी झालीं.

खानानें फिरंगोजीच्या शौर्याचें कौतुक करून त्याला बादशाही चाकरी देऊं केली. त्यानें ती नाकारली व तो महाराजांकडे निघून गेला. महाराजांनींहि हरलेला किल्लेदार म्हणून त्याला दूर लोटलें नाहीं. पुढें भूपाळगडासारखा किल्ला त्याच्या स्वाधीन केला.

किल्ला गेला, मग मिळविलें काय, असा प्रश्न एखादा व्यवहारी श्रोता विचारील. मिळविले ते छप्पन दिवस. सपाटीवरील एक लहानसा कोट घ्यावयास जवळजवळ दोन महिने, आणि मेलेलीं व जखमी मिळून आठशांहून अधिक माणसें खर्चीं पडतात, तर सह्याद्रीच्या शिखरांवरील गड घ्यावयास किती पडतील, हा हिशेब करावयास त्रैराशिकाची जरूर नव्हती. खान पुण्यास परतला तो लालमहालांत राहिला; आणि १६६३ च्या एप्रिलांत तेथें काय घडलें, तें महाराष्ट्रांतील शाळकरी मूलहि सांगेल.

१८१८ सालीं पेशवाईबरोबर चाकणहि इंग्रजांच्या हातीं गेलें. किल्ल्याचें काम संपलें. रस्त्यांचें मात्र संपलें नाहीं. ज्या वाटांनीं फौजा येत, त्याच वाटांनीं आतां कांदा आणि बटाटा येऊं लागला. खेड, आंबेगांव, जुन्नर या तालुक्यांतील माल चाकणच्या महात्मा फुले बाजारांत येतो. गोण्यांच्या थप्प्या लागतात, अडते लिलाव पुकारतात, आणि घरांतील गृहिणीच्या टोपलींतल्या कांद्याचा भाव अंशतः येथें ठरतो. जनावरांचा बाजारहि असाच नांवाजलेला. १९९८ पासून राजगुरुनगर येथें कांदा व लसूण यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, यावरून या मुलखाचें व कांद्याचें नातें ध्यानांत यावें.

तिसरें पर्व अगदीं अलीकडचें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला व पाठोपाठ पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी वाढली. तेथें जागा पुरेना, तेव्हां १९९० नंतरच्या दशकांत औद्योगिक विकास महामंडळाची दृष्टि उत्तरेकडे वळली. सपाट जमीन, दोन हमरस्ते, मुंबईच्या बंदराकडे जाणारी वाट. शायिस्तेखानाचाच हिशेब पुन्हां एकदां मांडला गेला म्हणा ना! म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या शेतकरी गांवांच्या शिवारांत बजाजच्या दुचाक्या, महिंद्रांच्या गाड्या, जर्मनीच्या फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ या मोटारी तयार होऊं लागल्या. २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जपानी कंपन्याहि आल्या. बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भ येथील तरुण भाड्याच्या खोल्यांत राहूं लागले. २०११ च्या जनगणनेंत चाकणची लोकसंख्या सुमारें ४१,००० भरली; कालांतरानें ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली.

या भरभराटीची किंमतहि आहे, आणि ती सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होणार नाहीं. ज्या शेतांत कांदा पिके, त्यांतील पुष्कळशी कायमची गेली. जमिनीचा मोबदला एकदांच मिळतो. पीक दरसाल येई. ज्यानें तो पैसा जपून वापरला तो सुखांत आहे. ज्याच्या हातून तो निसटला त्याच्याजवळ शेतहि नाहीं आणि पैसाहि नाहीं. आणि किल्ला? बाहेर वाढत्या वस्तीनें त्याला वेढलें आहे. तटाचा कांहीं भाग, कांहीं बुरूज, खंदकाच्या खुणा, एवढेंच उरलें आहे. या वेढ्याला मात्र छप्पन दिवसांची मुदत नाहीं, आणि आंत फिरंगोजीहि नाहीं.

सपाटीवरच्या गांवाला कडे नसतात. जें रस्त्यानें येतें, तें त्याच्या दाराशीं येतेंच. मग ती फौज असो, कांद्याची गाडी असो कीं कारखाना असो. तें येऊं द्यावें कीं नाहीं, हें बहुधा गांवाच्या हातीं नसतें. परंतु येणाऱ्यासमोर आपलें जें आहे तें किती निगुतीनें जपावें, हें त्याच्या हातीं असतें, आणि आंतल्या बाजूला दुसरी फळी अगोदरच उभी करून ठेवावी, हा धडा याच गांवच्या किल्लेदारानें घालून दिलेला आहे. पुढच्या खेपेस तळेगांव चौकांत आपली गाडी अडली, तर घड्याळाकडे पाहण्याऐवजीं खालीं उतरावें आणि संग्रामदुर्गाची वाट विचारावी. तेवढा खोळंबा वायां जाणार नाहीं.