पोस्टग्रेसक्यूएलची माहितीपुस्तिका कशी वाचावी

चिन्हे : या मुक्तस्रोत डेटाबेस प्रणालीच्या पुस्तिकेत आज्ञेचा साचा देताना चौकोनी कंसातील भाग ऐच्छिक असतो, तर महिरपी कंसात उभ्या रेघांनी विभागलेल्या पर्यायांपैकी एक निवडणे बंधनकारक असते; तीन टिंबे आधीचा घटक पुन्हा लिहिता येतो असे सांगतात.

2020 मधील बदल : तेराव्या आवृत्तीत पुस्तिकेला पारिभाषिक शब्दसूची जोडली गेली आणि, वाचकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे म्हणजे, फंक्शनांचे तक्ते नव्याने मांडले गेले. पूर्वी नाव, उत्तराचा प्रकार, वर्णन व उदाहरण शेजारशेजारच्या अरुंद रकान्यांत दाटीने बसत. आता ते एकाखाली एक येतात. ऋण चिन्ह काढून केवल मूल्य देणाऱ्या ‘एबीएस’ फंक्शनच्या वर्णनाखालीच ‘एबीएस(-17.4) → 17.4’ हे उदाहरण उत्तरासह दिसते.