लहान दीर्घिकांचे वायुधन

उन्हाळ्यातील निरभ्र रात्री नागपूर शहराच्या दिव्यांपासून दूर, रामटेक किंवा उमरेडच्या बाजूस गेल्यास आकाशगंगेचा धूसर पट्टा दृष्टीस पडतो. हीच आपली दीर्घिका होय. या विशाल तारकासमूहाभोवती अनेक लहान दीर्घिका फिरत असतात. त्यांना उपदीर्घिका म्हणतात. मॅगेलनचे दोन मेघ ही त्यांची परिचित उदाहरणे. दक्षिण गोलार्धात ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. नागपूरच्या अक्षांशावर मात्र ते जवळजवळ क्षितिजाखालीच राहतात.

साठा का घटतो?

ताऱ्यांचा जन्म वायूपासून होतो. हायड्रोजनचे थंड ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकुंचित होऊन त्यांतून तारे निर्माण होतात. म्हणून वायूचा साठा हेच दीर्घिकेचे भांडवल. ते संपले की जुने तारे तेवत राहतात. नवे जन्मास येत नाहीत.

लहान दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण दुबळे असल्याने हे भांडवल राखणे तिला कठीण जाते. मोठ्या दीर्घिकेभोवती विरळ, तप्त वायूचे आवरण असते. त्यातून वेगाने जाताना, उफणणीत धान्य खाली राहून भूस उडून जावे, त्याप्रमाणे तारे जागीच राहतात आणि वायू मागे पडतो. मोठ्या शेजाऱ्याची ओढ आणि ताऱ्यांचे स्फोट यांमुळेही वायू बाहेर फेकला जातो.

१९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी मॅगेलन मेघांमागे हायड्रोजनचा एक लांब प्रवाह असल्याचे दाखवून दिले. आकाशात तो १०० अंशांहून अधिक पसरला आहे. आकाशगंगेच्या निकटच्या बहुतेक उपदीर्घिकांत आज वायू जवळजवळ आढळत नाही. हे दोन मेघ त्यास अपवाद आहेत. निसटलेल्या वायूचा काही भाग कालांतराने आकाशगंगेत मिसळून तेथील नव्या ताऱ्यांस उपयोगी पडू शकतो. लहानाची हानी ती मोठ्याची भर, असा हा व्यवहार आहे.

खोडदची दुर्बीण

थंड हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही. तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. या लहरी टिपणारी मोठी दुर्बीण महाराष्ट्रातच, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. एन.जी.सी. ३७४१ या एकाकी लहान दीर्घिकेचा वायू तिच्या दृश्य विस्ताराच्या सुमारे आठपट दूरवर पसरला असल्याचे या दुर्बिणीने २००५ मध्ये दाखविले. मोठा शेजारी जवळ नसेल तर लहान दीर्घिकाही आपले वायुधन सांभाळू शकते, हे यावरून ध्यानी येते.

कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या या लहरी अत्यंत क्षीण असतात. जवळच्या यंत्राची वा मोबाइल फोनची एक लहर त्यांना झाकून टाकण्यास पुरेशी होते. म्हणून दुर्बिणीच्या परिसरातील रेडिओ शांतता जपणे हे केवळ शास्त्रज्ञांचे नव्हे, तर आसपासच्या गावांचेही काम आहे.