परका माणूस आपल्याला कसा पाहतो?

आम्ही विक्रोळीला राहतो. विक्रोळी हे मुंबईचे एक उपनगर. रेल्वेच्या एका अंगाला टेकडीवर चढत गेलेली वस्ती आहे. दुसऱ्या अंगाला कारखाने आहेत, इमारती आहेत आणि त्यांच्या पलीकडे खाडीची झाडी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आम्ही संध्याकाळी मोठ्या माणसांच्या वर्गाला शिकवायला जातो. वर्गात वीस-बावीस जण आहेत. कोणी धुणीभांडी करून येते, कोणी बिगारी कामावरून येतो, एकजण रिक्षा चालवतो.

मध्यंतरी आमच्या गल्लीत दोन परदेशी पाहुणे आले. नवरा-बायको असावीत. गळ्यात कॅमेरा. त्यांनी उघड्या गटाराचा फोटो काढला. गटारावरून उडी मारणाऱ्या उघड्या पोराचा काढला. मग वर्गाच्या दारातून आत डोकावले, हात जोडले, हसले आणि निघून गेले. वर्गाचा फोटो काही त्यांनी काढला नाही.

वर्गात पन्नाशीच्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, "सर, ही माणसं त्यांच्या देशात जाऊन आपल्याबद्दल काय सांगत असतील?"

रिक्षावाला म्हणाला, "काय सांगणार? भारतात गटारं आहेत म्हणून सांगतील."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गटार खोटं नाही. पण तेवढंच खरं आहे का?"

प्रश्न मोलाचा होता. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून आज सावकाश लिहीत आहोत.

चीनचा यात्रेकरू

परक्या माणसाने आपल्याकडे पाहावे आणि लिहून ठेवावे, ही गोष्ट आजची नव्हे. सुमारे १४०० वर्षांपूर्वी चीन देशातून एक बौद्ध भिक्षू भारतात आला. त्याचे नाव ह्युएनत्संग. तो महाराष्ट्रातही येऊन गेला. तेव्हा इथे दुसरा पुलकेशी हा चालुक्य राजा राज्य करीत होता.

ह्युएनत्संगाने आपल्या लोकांविषयी काय लिहिले? इथली माणसे धिप्पाड आहेत, साधी आहेत आणि मानी आहेत. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. कोणी संकटात सापडला तर स्वतःचा विचार न करता धावून जातात. कोणाचा सूड घ्यायचा असला तर आधी त्याला कळवतात आणि मगच चाल करून जातात.

हे वाचून छाती फुगते, नाही का? पण थांबा. त्याने आणखीही लिहिले आहे. लढाईला निघण्याआधी हे लोक दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात, असेही त्याने लिहून ठेवले. पाहुणा चांगला असला म्हणजे तो दोन्ही सांगतो. आपण मात्र पहिले तेवढे लक्षात ठेवतो आणि दुसरे विसरतो.

रशियाचा व्यापारी

दुसरा पाहुणा रशिया देशाचा. त्याचे नाव अफनासी निकितिन. सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी तो समुद्रातून गलबताने चौलच्या बंदरात उतरला. चौल म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या बाजूला. शेजारी रेवदंड्याला त्याचे स्मारकही उभारले आहे. त्याने विकायला एक घोडा बरोबर आणला होता.

निकितिनच्या मुलखात थंडी कडक. अंगभर लोकरीचे कपडे घालावे लागतात. चौलला उतरून पाहतो तो काय, लोक उघड्या अंगाने हिंडत आहेत, डोक्यावर काही नाही! त्याला मोठे नवल वाटले आणि ते त्याने लिहून ठेवले. आता तुम्हीच सांगा, कोकणच्या दमट उकाड्यात लोकरीचा कोट घालून कोण भात लावील? पाहिले ते खरे होते. त्यामागचे कारण त्याला लगेच दिसले नाही, इतकेच.

पण गंमत पुढेच आहे. तोच लिहितो की, मी जाईन तिथे लोकांची गर्दी माझ्या मागे येते आणि गोरा माणूस पाहून थक्क होते! म्हणजे तो आपल्याला पाहत होता आणि आपण त्याला पाहत होतो. नवल दोघांनाही वाटत होते.

पुढे तो जुन्नरला गेला. पावसाळ्यात दोन महिने तिथे राहिला. चिखल, पाऊस, पेरणी, सगळे त्याने पाहिले. तिथून बीदरला गेला. तिथे त्याने एक गोष्ट बरोबर हेरली. खेड्यातली माणसे फार गरीब आहेत आणि सरदार लोक ऐषारामात राहतात, असे त्याने लिहिले. हे समजायला त्याला मुलूख फिरावा लागला, लोकांत राहावे लागले. मी कोण, माझा धर्म कोणता, हे त्याने मोकळेपणाने सांगितले. तेव्हा लोकांनीही आपले खाणे, व्यापार, पूजाअर्चा यांतले काही त्याच्यापासून लपवले नाही. एका दिवसाच्या पाहुण्याला ओसरी दिसते. राहणाऱ्याला माजघर दिसते.

एका अमेरिकन बाईचे पुस्तक

आता जरा कडू गोष्ट सांगतो. इंग्रजांचे राज्य होते तेव्हाची. अमेरिकेतली कॅथरिन मेयो नावाची एक बाई भारतात येऊन काही महिने फिरली. १९२७ साली तिने 'मदर इंडिया' नावाचे पुस्तक छापले. त्यात बालविवाह, कोवळ्या वयातली बाळंतपणे, अस्पृश्यता, घाण आणि रोगराई यांचीच वर्णने भरली होती. असल्या लोकांना स्वराज्य कशाला हवे, असा तिचा सूर होता.

देशभर संताप झाला. गांधीजी म्हणाले की, हा गटारे तपासायला नेमलेल्या माणसाने दिलेला अहवाल आहे. गटारे तपासणारा गटारेच उघडतो आणि वासाचे वर्णन करतो. त्याने सारे घर पाहिले, असे कसे म्हणावे?

पण गांधीजी एवढ्यावर थांबले नाहीत, हे लक्षात ठेवा. हे पुस्तक भारतीयांनी वाचावे, त्यातून थोडाफार फायदाच होईल, असेही ते म्हणाले. बाईचा हेतू वाईट असेल, पण बालविवाह आपल्या घरात होते की नव्हते? होते. अस्पृश्यता होती की नव्हती? होती.

आणि हे दोष काही त्या बाईने शोधून काढले नव्हते. तिच्या कितीतरी आधी, १८४८ साली, जोतिराव फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यासाठी लोकांची निंदा सोसली. घरच्या माणसाने दाखवलेला दोष आणि शेजाऱ्याने चव्हाट्यावर मांडलेला दोष यांत फरक असतो. घरचा माणूस दोष दाखवतो आणि हातात झाडूही घेतो. १९२९ साली बालविवाहाला बंदी घालणारा कायदा झाला. त्याचे विधेयक हरबिलास सारडा या आपल्याच माणसाने मांडले होते. म्हणून त्याला सारडा कायदा म्हणतात.

विक्रोळीची पेटी

आता आमच्या विक्रोळीची गोष्ट ऐका.

पुष्कळ इंग्रज पुढाऱ्यांना वाटत असे की, भारत हा एक देश नव्हेच. चर्चिल नावाचा त्यांचा मोठा पुढारी १९३१ साली म्हणाला होता की, भारत हे नुसते भूगोलातले नाव आहे. पुढे १९४७ साली स्वातंत्र्य आले. आपल्या घटनेने ठरवले की, २१ वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकाला मत. श्रीमंत-गरीब पाहायचे नाही, जात पाहायची नाही, बाई-पुरुष पाहायचे नाही. खुद्द इंग्लंडात बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ साल उजाडले होते. आपण ते पहिल्याच झटक्यात दिले.

तेव्हा भारतात शंभरातल्या फक्त अठरा जणांना लिहिता-वाचता येत होते. बाहेरच्या अनेक शहाण्यांनी माना हलवल्या. अडाणी माणसे कसली मते देणार, असे ते म्हणाले. आपल्याकडच्याही काही शिकलेल्या लोकांना तसेच वाटत होते. उगाच सगळा दोष परक्यांवर का टाकावा?

मग युक्ती काढली. प्रत्येक उमेदवाराला एक चिन्ह दिले. कोणाला बैलजोडी, कोणाला झाड, कोणाला झोपडी. प्रत्येकाची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. वाचता आले नाही तरी बैलजोडी कोणाला ओळखू येत नाही?

पण एवढ्या पेट्या आणायच्या कुठून? त्या पोलादाच्या हव्यात, मजबूत हव्यात, कोणाला उघडता येऊ नयेत. यांतल्या बारा लाखांहून जास्त पेट्या १९५१ साली विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. इथल्या कामगारांनी पत्रे कापले, वाकवले, कुलपे बसवली. पेट्या इथून देशभर गेल्या.

मतदान १९५१ च्या ऑक्टोबरात सुरू झाले आणि १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालले. १७ कोटींहून जास्त मतदार होते. लोक मैलोन्‌मैल चालत आले, रांगेत उभे राहिले. जगातली एवढी मोठी निवडणूक सुरळीत पार पडली. सुकुमार सेन हे तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांचे काम पाहून १९५३ साली आफ्रिकेतल्या सुदान देशाच्या निवडणुकीची देखरेख करायला त्यांनाच नेमले गेले. माना हलवणाऱ्यांना आपण भाषण करून उत्तर दिले नाही. काम करून दिले.

तरी एक गोष्ट सांगायची राहिली. ती लपवली तर आम्ही मास्तर कसले? त्या वेळी मतदारांच्या यादीतून सुमारे २८ लाख बायकांची नावे काढून टाकावी लागली. का? तर नाव विचारायला माणूस दारात आला तेव्हा त्यांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. परक्या पुरुषाला नाव सांगायचे नाही, अशी रीत होती. नाव नाही म्हणून मत नाही. ही उणीव आपलीच होती. पुढे आपणच ती भरून काढली. आज बायका पुरुषांच्या बरोबरीने मत देतात.

ओव्या ऐकणारा माणूस

सगळेच परके गटार पाहत नाहीत. गी पॉइतव्हँ नावाचे एक फ्रेंच गृहस्थ पुण्यात येऊन राहिले. मराठी शिकले. हेमा राईरकर या विदुषींबरोबर त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हजाराहून जास्त गावांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. किती? एक लाखाहून जास्त!

गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली. ओव्या म्हणणाऱ्या आयाबाया म्हाताऱ्या झाल्या. घरच्या सुनांनी, नातवंडांनी ऐकल्या नाहीत. दूरदेशीचा माणूस मात्र जात्यापाशी बसून ऐकत राहिला. ज्या बाईला अक्षर येत नव्हते, तिच्या तोंडचे शब्द त्याने जपून ठेवले. आपल्या घरात काय मोलाचे आहे, हेही कधीकधी परका दाखवतो.

मग आपण काय करावे?

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. एका भांड्यातल्या भाताची परीक्षा शितावरून होते, हे खरे. पण देश म्हणजे एक भांडे नव्हे. इथे हजारो चुलींवर हजारो भांडी चढलेली आहेत. म्हणून परक्याने काही म्हटले की आपण तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली गोष्ट, हा माणूस किती दिवस राहिला आणि कोणाशी बोलला? ओझरते पाहणारा आणि भाषा शिकून राहणारा यांचा शब्द सारखा धरू नये.

दुसरी गोष्ट, तो सांगतो ते खरे आहे का? खरे असेल तर रागावून उपयोग नाही. गटार उघडे असेल तर फोटो काढणाऱ्याशी भांडून ते बुजणार नाही. ते झाकायच्या मागे लागावे.

तिसरी गोष्ट, आपण दुसऱ्याला कसे पाहतो? गोरा दिसला की तो श्रीमंतच, असे आपण धरतो. दुसऱ्या प्रांतातला कामकरी दिसला की त्याला नावे ठेवतो. तेही शितावरून भात चाचपणेच झाले.

आणि हे सारे विचारायला वाचता यायला हवे. आजवर आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिले आणि आपल्याला ते कळलेसुद्धा नाही. आता तुम्ही वाचू शकता. उद्या लिहूही शकाल.

त्या पाहुण्यांचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. आठवड्याने ते पुन्हा विक्रोळीत आले. आमच्या रिक्षावाल्यालाच स्टेशनवर भेटले. तो त्यांना सरळ वर्गात घेऊन आला. बाईंनी खुर्च्या पुसून दिल्या, समोरून चहा मागवला. पाहुणीने वही काढली आणि खुणेने बाईंना नाव विचारले. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि वहीत सावकाश आपले पूर्ण नाव लिहिले. खाली गावाचे नाव लिहिले. वेलांटी चुकली होती, ती खोडून पुन्हा काढली.

मग वही परत देत आम्हाला म्हणाल्या, "सर, आता काय सांगायचं ते सांगू देत. माझं नाव तर घेऊन जातील."