मागच्या चाकाचे गळके ऑइल सील : डाग तेलाचा, धोका ब्रेकचा

बेळगावच्या कॅम्प भागातून खानापूर रस्त्याला लागलेला ट्रक टिळकवाडी आणि उद्यमबाग मागे टाकतो, खानापूर ओलांडून अनमोडला पोहोचतो आणि घाट उतरून मोले येथे गोव्यात प्रवेश करतो. गोमंतकाच्या बाजारात येणाऱ्या भाजीपाल्याचा मोठा वाटा बेळगाव परिसरातूनच येतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे भरलेले वाहन उताराला लागते ते गोव्याच्या दिशेने. या मार्गावरील जुन्या ट्रकच्या मागच्या चाकाच्या आतील बाजूस तेलाचा ओघळ दिसू लागला, तर तो केवळ अस्वच्छतेचा प्रश्न समजून चालत नाही. त्याचा थेट संबंध ब्रेकशी असतो.

भरलेल्या १६ टन वजनाच्या ट्रकने ५०० मीटर उंची उतरली, तर सुमारे २२ युनिट विजेएवढी ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावी लागते. काही भार इंजिन पेलते. उरलेली ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. लायनर आणि ड्रम यांच्यातील घर्षण हाच त्या वेळी चालकाचा आधार असतो. नेमक्या त्याच जागी तेल झिरपले, तर त्या चाकाचा ब्रेक दुबळा होतो, वाहन एका बाजूस ओढले जाते आणि तापलेल्या ड्रममधील तेल धुमसू लागते.

हे तेल येते कोठून, हे समजण्यासाठी मागच्या अ‍ॅक्सलची रचना ध्यानात घ्यावी लागते. मधल्या गोलाकार भागात क्राउन आणि पिनियन हे दातेरी भाग दाट गिअर ऑइलमध्ये फिरत असतात. तेथून दोन्ही बाजूंस पोकळ नळकांडी जातात आणि त्यांतून अ‍ॅक्सलचे दांडे चाकांना गती देतात. वाहनाचे वजन दांड्यावर नसते. ते नळकांड्याच्या टोकावर बसवलेल्या दोन बेअरिंगांवर आणि हबवर असते. आतील तेल ड्रमकडे जाऊ नये म्हणून हबच्या आतील बाजूस रबराची ओठासारखी कड असलेले ऑइल सील असते. बारीक गोल स्प्रिंग ही कड गुळगुळीत पोलादी पृष्ठभागावर अलगद दाबून धरते.

उष्णतेने आणि वयाने हे रबर कडक होते, त्याला चिरा जातात. सामान्य नायट्राइल रबर सतत सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंतच नीट टिकते. घाटात वारंवार तापणाऱ्या ड्रमशेजारी त्याचे आयुष्य घटणे स्वाभाविक आहे. तथापि नवे सील बसवूनही थोड्याच दिवसांत गळती पुन्हा सुरू झाली, तर दोष बहुधा दुसरीकडे असतो.

पहिले संशयस्थान ब्रीदर. अ‍ॅक्सलवरील या छोट्या झडपेतून आतील तापलेली हवा बाहेर पडते. चिखलाने ती बुजली, की आत दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमकुवत वाटेने, म्हणजे सीलमधून, बाहेर ढकलले जाते. पावसाळ्यानंतर ब्रीदर साफ करणे हे काही मिनिटांचे काम आहे. त्याकडे दुर्लक्ष केल्यास नवे सीलही वाया जाते. दुसरे कारण प्रमाणापेक्षा अधिक भरलेले तेल. तिसरे, सैल किंवा झिजलेले बेअरिंग. हब डोलू लागला, की सीलची कड एका बाजूने सुटते. चौथे, सील ज्या पृष्ठभागावर घासते तेथे वर्षानुवर्षांच्या फिरण्याने पडलेली खाच. बोटाचे नख त्या गोलाईवरून फिरवल्यास ते खाचेत अडकते. अशा वेळी ती कडी बदलणे किंवा वर पातळ पोलादी बाही चढवणे आवश्यक ठरते.

गळती कशाची, हेही आधी ठरवावे. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या जुन्या वाहनात चाकाजवळ पातळ द्रव आढळला, तर तो ब्रेक ऑइलही असू शकतो. प्रोपेलर शाफ्ट जोडतो तेथे तेल ठिबकत असल्यास दोष पिनियनच्या सीलचा असतो. चाकाच्या सीलचा त्याच्याशी संबंध नसतो.

दुरुस्ती सपाट जागी करावी. पुढच्या चाकांना ठोकळे लावून अ‍ॅक्सल भक्कम स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर वाहनाखाली जाणे जिवावर बेतू शकते. नंतर अ‍ॅक्सलचा दांडा, चाके, ड्रम, लॉक नट आणि हब या क्रमाने भाग उतरवले जातात. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ती हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. बेअरिंग धुऊन, फिरवून तपासावेत. खड्डे किंवा निळसर डाग दिसल्यास बदलावेत.

नवे सील बसवताना त्याची स्प्रिंगची बाजू तेलाच्या दिशेला हवी. कडेला थोडे ग्रीस किंवा तेल लावावे, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत ती कोरडी घासणार नाही. हातोडीचे थेट घाव घातल्यास सील तिरपे बसते. योग्य मापाची गोल कडी ठेवून ते सर्व बाजूंनी सारखे दाबावे. हब चढवल्यावर तो फिरवीत नट घट्ट करावा आणि कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मागे घेऊन लॉक करावा. दांड्याच्या तोंडाशी नवे गॅस्केट हवे. शेवटी तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच तेल भरावे. काही तेल हबकडे जात असल्याने थोड्या वेळाने पातळी पुन्हा पाहावी.

खर्च वाचवण्याचा मोह होतो तो तेलाने भिजलेल्या लायनरबाबत. पेट्रोलने धुतल्याने किंवा जाळल्याने वरचे तेल जाते, आत मुरलेले राहते आणि ड्रम तापताच पुन्हा वर येते. म्हणून लायनर बदलणे हाच उपाय, आणि तोही त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंस; अन्यथा दोन चाकांची पकड असमान होते. ड्रमही तेलाचा अंश उरणार नाही असा स्वच्छ करावा लागतो.

दुरुस्तीनंतर रिकाम्या वाहनाची छोटी फेरी मारून दोन्ही हब हाताने चाचपावेत. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम लागला, तर बेअरिंग अधिक आवळले गेले आहे किंवा ब्रेक अडकतो आहे असे समजावे.

८ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु दोन तपासण्यांमधील वर्षभरात ते वाहन अनेकदा घाट उतरते. मुक्कामी ट्रक उभा करताना मागच्या चाकांच्या आतील बाजूवर बॅटरीचा उजेड टाकण्यास क्षणभर पुरतो. ताजा ओघळ दिसला, तर वाहन घाटात नेण्याआधी कार्यशाळेत न्यावे.